वाट पाहणारा कान

बसा.

खुर्चीत, पलंगाच्या कडेला, भिंतीला पाठ टेकून, जिथे असाल तिथे. पाय जमिनीला लागू द्या. हात मांडीवर. डोळे मिटायची घाई नको, अजून वाचायचं आहे. दोन ओळी वाचा, थोडं थांबा, मग पुढे या.

एक श्वास आत येतो. बाहेर जातो.

आणखी एक.

आता सगळ्यात लांबचा आवाज शोधा. त्याच्यामागे धावू नका. तो येतो का, एवढंच पाहा. हमरस्त्यावरचा ट्रक. कुठेतरी भुंकणारं कुत्रं. वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची.

नाव देऊन झालं की नाव सोडून द्या. नुसता आवाज राहू द्या.

मग थोडा जवळचा. पंखा. फ्रिजची घरघर. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा.

आणखी जवळ. तुमचाच श्वास. नाकपुडीतून जाताना किती बारीक वाजतो तो.

आणि त्याच्याही अलीकडे?

थांबा. घाई नाही.

काहींना तिथे शिट्टी ऐकू येते. काहींना रातकिडे. कुणाला कुई, कुणाला गुणगुण, कुणाला लांब कुठेतरी चालू राहिलेल्या पंपाची घूं घूं. कुणाला एकाच कानात, कुणाला दोन्हींत, कुणाला डोक्याच्या मधोमध.

हा आवाज बाहेर कुठेही नाही. शेजारी बसलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. खिडकी लावली तरी तो जात नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात.

तो ऐकू येत असेल, तर आत्ता त्याचं काही करू नका. ढकलू नका. मोजू नका. कालच्यापेक्षा मोठा झाला का, हेही पाहू नका. तो आहे. तुम्ही बसला आहात. एवढंच.

ऐकू येत नसेल, तरी बसून राहा.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ८० प्रौढ माणसांना, ज्यांना चांगलं ऐकू येतं अशांना, आवाज न शिरणाऱ्या खोलीत काही मिनिटं बसवलं. काय ऐकू येतं, एवढंच विचारलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू येतं असं सांगितलं.

म्हणजे शांतता पूर्ण रिकामी क्वचितच असते. बहुतेकांच्या बाबतीत हा बारीक आवाज दिवसाच्या गडबडीत बुडून जातो आणि त्याची आठवणही राहत नाही. काहींचा मात्र मुक्काम ठोकतो. जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये काढलेला अंदाज असा, की सुमारे १४ टक्के प्रौढांना कधी ना कधी टिनिटसचा अनुभव येतो, आणि सुमारे २ टक्क्यांना त्याचा फार त्रास होतो.

तुम्ही त्यांतले असाल, तर एकटे नाही आहात. अशाच एखाद्या रात्री, अशाच एखाद्या खोलीत, कितीतरी लोक आपापली शिट्टी ऐकत जागे आहेत.

श्वास घ्या. सोडा.

आवाज जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कानातला नाद आणि बहिरेपण एकापाठोपाठ येतात, आणि दोन्ही शब्द वाहून नेणाऱ्या त्याच वाटांशी जोडलेले आहेत. वात, कफ ही तिथली कारणं आजच्या तपासणीच्या खोलीत कुणी मांडत नाही. जोडी मात्र तीच राहिली आहे.

हठयोगप्रदीपिकेतही आतले आवाज आहेत. घंटा, बासरी, भुंगा. आपल्याकडे घरातली एखादी वयस्क व्यक्ती कानातल्या गुणगुणीला अनाहत नाद म्हणते आणि शांत असते. असू द्यावं. भांडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त त्या नादाबरोबर सुनेचं बोलणंही ऐकू येईनासं झालं असेल, तर साधनेच्या जोडीला कानही तपासून घ्यावा.

आता कानाच्या आत चला. हळू.

बाहेरची पाळी. मग बोळ. मग पडदा, श्वासाच्या धक्क्यानेही हलेल इतका पातळ. त्याच्या पलीकडे तीन इवली हाडं, एकमेकांना टेकलेली. आणि त्यांच्याही पलीकडे द्रवाने भरलेली, अडीच वेढे घेत आत गेलेली एक नळी. कॉक्लिया. सरळ केली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल.

तिच्या आत पेशींच्या रांगा आहेत, डोक्यावर सूक्ष्म केस असलेल्या. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार. बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार. तुम्ही आजवर ऐकलेलं सगळं, पहिल्या पावसापासून काल रात्रीच्या फोनपर्यंत, या एवढ्याशा रांगांमधून आत आलेलं आहे.

इथे थोडं थांबा.

नळीच्या तोंडाशी बसलेल्या पेशी बारीक, उंच आवाजांच्या. जितकं आत जावं, तितके आवाज खाली उतरतात, खर्जाकडे. वयाने, गोंगाटाने, काही औषधांनी पहिल्यांदा झिजतात त्या बहुतेक तोंडाजवळच्या, उंच आवाजांच्या. कोंबडीच्या कानात अशा पेशी गेल्या की नव्या येतात. माणसाच्या कानात येत नाहीत.

दुखत नाही. रक्त येत नाही. कधी गेल्या, कळतही नाही. एका पावसाळ्यात रातकिडे कमी झालेत असं वाटतं, आणि ते खरं कमी झालेले नसतात.

आता एका आईकडे पाहा.

रात्रीचे साडेअकरा. मुलगा अजून घरी आलेला नाही. ती बाहेरच्या खोलीत बसली आहे. टीव्ही बंद. दिवा मंद.

तिचा सगळा जीव कानात आहे.

जिन्यावर पाऊल वाजलं असं तिला वाटतं. ती उठते. दार उघडते. कुणी नाही. कान वाजले माझे, असं म्हणते आणि परत येऊन बसते.

थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजते. वाजलेली नसते.

जितकी वाट लांबते तितकं तिचं ऐकणं धारदार होतं. पान पडलं तरी तिला पाऊल वाटतं.

तिच्याजवळ बसा. तिला काही सांगू नका. समजूत घालू नका.

बऱ्याच संशोधकांना वाटतं, की टिनिटसमध्ये मेंदू असाच बसलेला असतो. वर्षानुवर्षं ज्या वाटेने आवाज येत होता, त्या वाटेने आता काही येत नाही, किंवा फार थोडं येतं. मेंदू कान टवकारतो. मिळेल तेवढ्या संदेशाला मोठं करतो. त्या वाटेवर मुळात जी थोडीशी खसखस असते, तीही मोठी होते. ती आपल्याला शिट्टी म्हणून ऐकू येते.

म्हणून शिट्टीची उंची बहुतेक वेळा त्याच पट्ट्यात असते, जिथलं ऐकणं उणावलेलं आहे.

या गोष्टीपाशी राहा. शिट्टी तुमच्यावर चालून आलेली नाही. कुणीतरी आत जागं आहे, दाराकडे तोंड करून.

एक श्वास. लांब.

आता खोलीत एक आवाज येऊ द्या. तुमच्या घरातल्या माणसाचा. तो स्वयंपाकघरातून बोलतोय. नळ चालू आहे. मिक्सर नुकताच थांबला आहे.

आवाज येतो. शब्द लागत नाही.

ऐकू येतं, पण कळत नाही. हे वाक्य कान तपासणाऱ्याला रोज ऐकावं लागतं, आणि सांगणाऱ्याला दर वेळी वाटतं की आपल्याला नीट सांगता येत नाहीये. ते अगदी नीट सांगितलेलं असतं.

तोंडातल्या तोंडात म्हणून पाहा: आ. ई. ऊ. ओ.

भरलेले, गोल, जोरकस. बोलण्याचा आवाज, त्याचं वजन, या स्वरांत असतं, आणि स्वर खालच्या पट्ट्यात राहतात.

आता नुसतं: स. श. च. त. फ. ख.

हवेची झुळूक. दातांजवळून, ओठांवरून निसटलेली. अर्थ यांच्यावर तोललेला असतो, आणि यांचा बराच भाग उंच पट्ट्यात असतो. नळीच्या तोंडाशी. जिथे पेशी आधी झिजतात.

म्हणून साठ, पाठ आणि काठ एकसारखे ऐकू येतात. म्हणून कुणी सात वाजता म्हणतं आणि तुम्ही आठला तयार होता. बायका-मुलांचं बोलणं आधी निसटतं, भारदस्त आवाजाच्या शेजाऱ्याचं टिकतं. घरच्यांना वाटतं, हव्या त्या माणसाचं बरं ऐकू येतं. अशा टोमण्यांवर हसून सोडून द्यायला माणूस शिकतो. ते हसू थकवणारं असतं.

तो थकवा आत्ता शरीरात कुठे आहे, पाहा. कपाळात? जबड्यात? मानेच्या मागे?

गळालेली अक्षरं मनाने भरून काढत ऐकणं हे काम आहे. दिवसभराचं काम. संध्याकाळी पाहुणे उठून गेले की डोकं जड होतं, ते यामुळेही.

जबडा सैल सोडा. खांदे खाली येऊ द्या.

आता एक वाक्य ओंजळीत घ्या. कदाचित तुम्हीच ते म्हटलं असेल:

कानात शिट्टी वाजते ना, म्हणून मला बोलणं ऐकू येत नाही.

ते खोडू नका. त्याच्या शेजारी बसा. आणि दोन जागा आठवा.

पहिली जागा. लग्नाचं कार्यालय. सनई, भांडी, मुलं, पंगतीतल्या हाका. समोरची मावशी काहीतरी विचारते आहे. तिचे ओठ हलताना दिसतात. तुम्ही मान हलवता. तिने काय विचारलं ते कळलेलं नाही.

त्या क्षणी शिट्टी कुठे होती?

आठवून पाहा. बऱ्याच जणांची ती त्या गोंगाटात बुडालेली असते. नव्हतीच जवळजवळ.

दुसरी जागा. रात्र. सगळं निवलं आहे. शिट्टी अगदी ठळक, उशीत भरून राहिल्यासारखी. आणि शेजारी झोपलेलं माणूस हळूच विचारतं: झोप येत नाही का?

हे कळतं. शब्द न् शब्द कळतो.

दोन्ही जागा शेजारी शेजारी ठेवा. जिथे शिट्टी बुडाली, तिथे शब्द हरवले. जिथे शिट्टी सगळ्यात मोठी, तिथे शब्द पोचले.

काही ठरवू नका. नुसतं पाहत राहा.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काहींची शिट्टी गोंगाटाने भडकते. काहींना ती खरंच बोलण्याच्या आड येते, निदान लक्ष तरी खेचून घेते. झोप मोडलेल्या माणसाचं लक्ष आधीच विरलेलं असतं, त्यातून शब्द सांडतात. पण पुष्कळांच्या बाबतीत बोलणं अडवणारी शिट्टी नसते. ऐकणं उणावलेलं असतं, आणि त्याच उणेपणातून शिट्टीही निघालेली असते. शिट्टी ऐकू येते म्हणून दोष तिच्यावर जातो. जे ऐकू येत नाही, त्याला दोष तरी कसा देणार?

श्वास आत. श्वास बाहेर.

१८०१ चा जून महिना. व्हिएन्ना. तीस वर्षांचा एक माणूस आपल्या बालमित्राला पत्र लिहितो आहे. मित्र डॉक्टर आहे, फ्रान्त्स वेगेलर. लिहिणारा संगीतकार बेटहोव्हन.

तो लिहितो, की कान रात्रंदिवस घोंघावतात. नाटकगृहात नटाचं बोलणं कळायला वाद्यवृंदाच्या अगदी जवळ वाकून बसावं लागतं. थोडं लांब गेलं की वाद्यांचे आणि गाणाऱ्यांचे वरचे स्वर ऐकू येत नाहीत. कुणी हळू बोललं तर आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आणि कुणी ओरडलं तर सहन होत नाही.

जवळजवळ दोन वर्षं तो लोकांत जाणं टाळतो आहे. मला ऐकू येत नाही, हे सांगायचं कसं, म्हणून.

त्या पत्रात सगळं आहे. घोंघावणं. हरवलेले वरचे स्वर. कळणं आणि ऐकू येणं यांतलं अंतर. ओरडण्याचा त्रास. दोनशेहून अधिक वर्षांनी कोल्हापुरातले एक आजोबा हेच सांगतात: मोठ्याने बोल. आणि पुढच्याच क्षणी: ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला!

नातवाला हे हट्ट वाटतात. कानाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं खरी आहेत. झिजलेल्या कानात हळू आवाज पोचत नाही, आणि मोठा आवाज एकदम फार मोठा होऊन पोचतो. मधली जागा आक्रसलेली असते.

त्या अरुंद जागेत जरा उभे राहा. तिथून घरातलं बोलणं कसं वाटत असेल?

आणखी एक स्वर आठवतो, तोही लांबचा. चेक संगीतकार स्मेताना १८७४ मध्ये पूर्ण बहिरा झाला. १८७६ मध्ये त्याने आपल्या आयुष्यावर चार वाद्यांची एक रचना केली. तिच्या शेवटच्या भागात आनंदाची लय एकाएकी तुटते आणि पहिलं व्हायोलिन एकच, अतिशय उंच स्वर ताणून धरतं. त्याच्या कानात वाजणारा. त्याने तो कागदावर उतरवला, म्हणून इतरांना तो ऐकता आला. तुमची शिट्टी कुणाला ऐकवता येत नाही. एकटेपणाचं मोठं कारण तेच असतं, आणि आवाज बारीक असला तरी ते कारण बारीक नाही.

शांत बसा. थोडा वेळ काहीच वाचू नका.

कुणी म्हणेल: माझा ऑडिओग्राम तर चांगला आला. तरी शिट्टी आहे. तरी गर्दीत कळत नाही.

हेही असतं. नेहमीची ती तपासणी शांत खोलीत होते. कानाला हेडफोन लावून एकेक शुद्ध स्वर ऐकवतात, साधारण २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे. पंगतीतला गोंगाट त्या खोलीत नसतो. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर केसपेशी सावरतात, मोजणी पूर्ववत येते, पण पेशी आणि नस यांना जोडणारे काही सांधे कायमचे गेलेले असतात. २०११ मध्ये शेट आणि मॅकअल्पाइन यांना, ऑडिओग्राम चांगला असून टिनिटस असलेल्या माणसांतही अशा लपलेल्या हानीच्या खुणा दिसल्या. माणसांच्या बाबतीत हे काम अजून चालू आहे. एवढं मात्र म्हणता येतं: कागद चांगला आला म्हणून तुमचं सांगणं खोटं ठरत नाही.

हे ऐकून छातीत काही सैल होत असेल, तर होऊ द्या.

हात कानांवर ठेवा. तळवे हलकेच टेकवा. दाबू नका.

आत समुद्रासारखं काहीतरी घुमतं. आता हात काढा. खोली पुन्हा उघडते.

इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात या घडीला माग चालू आहेत. मागाच्या खोलीत बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. तिथे वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचा ऑडिओग्राम काढला, तर रेघ पुष्कळदा ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात उतरलेली दिसते. गोंगाटाची ती ओळखीची खूण आहे. रात्रपाळी संपवून तो घरी येतो, अंथरुणावर पडतो, आणि कानात काहीतरी चालूच राहतं.

मिरवणुकीत ढोलाच्या शेजारी तासभर उभं राहिलेल्या मुलीचे कानही त्या रात्री वाजतात. दडे बसल्यासारखे वाटतात. सकाळी बहुतेक सगळं निवळतं आणि ती विसरून जाते. निवळलं म्हणजे काहीच झालं नाही, असं २००९ च्या त्या उंदरांवरच्या कामानंतर खात्रीने म्हणवत नाही.

तिच्यासाठी, त्याच्यासाठी, एक श्वास.

आता परत त्या आईकडे.

ती अजून बसली आहे. घरात अगदी सामसूम, म्हणून प्रत्येक भास तिला मोठा. समजा तिने रेडिओ लावला, हळू आवाजात. समजा बाहेर पाऊस सुरू झाला. पाऊल ऐकायची तिची ओढ गेलेली नाही. पण कानाला धरायला काहीतरी मिळालं. खांदे थोडे उतरले.

पंखा चालू असेल तर मिनिटभर बंद करा.

शिट्टी पुढे येते. येऊ द्या.

आता चालू करा.

शिट्टी तेवढीच असते. भोवतालचं बदललं. ती मागे सरकली.

पूर्ण सामसूम ही टिनिटस असलेल्या माणसाला सहसा मानवत नाही. झोपताना पंखा, पावसाचा हलका आवाज, मंद तंबोरा; शिट्टीला पुरतं बुडवायचं नाही, तिला एकटी ठेवायचं नाही, एवढंच. हळूहळू मेंदू तिला महत्त्व देणं कमी करतो. १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी मांडलेली उपचाराची दिशा याच सवयीवर उभी आहे. दारावरच्या घंटेला आपण उठतो, घड्याळाच्या टिकटिकीला उठत नाही. दोन्ही ऐकू येतात. एकीत काही मागणं आहे असं मनाला वाटतं, दुसरीत नाही.

याला उपाय नाही, सवय करून घ्या, हे वाक्य कुठे ना कुठे तुमच्या वाट्याला आलं असेल. ते अर्धं खरं आहे. शिट्टी कायमची पुसून टाकणारं औषध आज नाही. तसं सांगून तेल, थेंब, गोळ्या विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. पण सवय माणसाला शिकवता येते, हा त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. आणि ऐकणं उणावलं असेल तर त्याची भरपाई बऱ्याच अंशी होते.

मुलाचं पाऊल खरंच जिन्यावर वाजतं. आई ते ओळखते.

कानाचं मशीन लावल्यावर पुष्कळांना असं काहीतरी होतं. स, श, त, ख परत येतात. पाखरं परत येतात. बोलणं सोपं होतं, आणि शिट्टीही काहींची मागे पडते. सगळ्यांची नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज टोचतो, कागद कुरकुरतो, स्वतःचाच आवाज परका वाटतो. मेंदूला ओळख पटायला वेळ लागतो. ते मशीन आठ दिवसांत कपाटात जाऊन पडलं, हे घरोघरचं दुःख आहे, आणि त्यात लावणाऱ्यापेक्षा घाईने विकणाऱ्याचा दोष बऱ्याचदा मोठा असतो. मशीन पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. परत जायचं. सांगायचं. पुन्हा जायचं.

हे बसणं संपवण्याआधी एक सांगायला हवं: काही गोष्टी बसून ऐकत राहण्याच्या नाहीत.

एका कानाचं ऐकणं अचानक, एका-दोन दिवसांत गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. रात्र असेल तर सकाळ होईपर्यंत थांबलं तरी चालेल, आठवडाभर नाही; उपचार लवकर सुरू झाले तरच त्यांचा उपयोग होण्याची आशा जास्त. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा जोडीला चक्कर येत असेल, तरी दाखवून घ्या. कधी कधी कारण नुसता साठलेला मळ असतो, आणि दहा मिनिटांत काम होतं. तो काडीने काढू नका.

आता शेवटचे तीन श्वास. मोजायचे नाहीत, घ्यायचे.

लांबचा आवाज. जवळचा आवाज. आतला आवाज. तिन्ही एकदम असू द्या.

आणि घरातल्या माणसांसाठी एवढंच. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. जवळ या, समोर या, उजेडात चेहरा दिसू द्या. आवाज चढवू नका, वेग कमी करा. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून म्हणा. "जाऊ दे, काही नाही" असं म्हणू नका. ऐकू न आलेल्या वाक्यापेक्षा ते जास्त लागतं.

तुम्ही तपासणीला जाल तेव्हा नुसती शिट्टी सांगून परत येऊ नका. कोणाचं बोलणं निसटतं, कुठे निसटतं, फोनवर की पंगतीत की टीव्हीसमोर, संध्याकाळी थकवा किती येतो, हे वेगळं सांगा. गोंगाटात बोलणं कितपत कळतं याचीही चाचणी असते, ती मागा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासून वाक् आणि श्रवणाची अखिल भारतीय संस्था आहे, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही कान तपासून मिळतो. या आठवड्यातच वेळ ठरवा. आणि ज्या माणसाचं बोलणं तुम्हाला सगळ्यात जास्त निसटतं, त्याला बरोबर घेऊन जा.